पडद्यावरचे दुःख आणि आपल्या डोळ्यांतले पाणी



गेल्या आषाढीच्या वाटचालीत मी दोन मुक्कामांपुरता दिंडीबरोबर चाललो. आता गुडघे तेवढीच परवानगी देतात. त्या वाटेत दिंडीतला एक तरुण माझ्या शेजारी येऊन चालू लागला. मुलगा चांगला आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, टाळ सुरेख धरतो. थोडा वेळ पावसापाण्याचे बोलला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "महाराज, एक विचारू का? सिनेमा बघताना मला रडू येतं. अगदी हुंदका फुटतो. पण हरिपाठ म्हणताना डोळ्यांत एक थेंब येत नाही. माझं काही चुकतंय का?"

मी त्याला एवढेच म्हणालो, "नाम घेत राहा, बाळा. सगळं होईल." उत्तर खोटे नव्हते, पण प्रश्नाला बगल देणारे होते. चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, माणसांना रडताना पाहिले, आणि खरे सांगायचे तर रडवलेसुद्धा. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडे लागते. ते आज देतो. ते त्या मुलासाठी आहे, तसेच तुमच्यासाठीही आहे, कारण अंधारात बसून पडद्याकडे पाहताना ज्याचे डोळे कधी भरले नाहीत असा माणूस आज सापडणे कठीण.

आपल्यातली काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "सिनेमा म्हणजे खोटे. खोट्याला रडणे म्हणजे अश्रू वाया घालवणे." मला हे पटत नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 साली आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला, आणि विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबाराय झाले. दुसऱ्या वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझे वडील सांगत, पडद्यावर पागनीस दिसले की खेड्यातली माणसे बसल्या जागी हात जोडत, आणि वैकुंठगमनाच्या प्रसंगी कोणाचाच डोळा कोरडा राहत नसे. पडद्यावर सावल्या आहेत, समोर देहूचे तुकोबा नाहीत, हे त्या माणसांना ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. आणि आपण कीर्तनात गोरोबाकाकांचे आख्यान ऐकतो, तेव्हा तेरचे ते अंगण, तो चिखल, ते मूल आपल्यासमोर कुठे असते? कानांनी ऐकून रडणे खरे आणि डोळ्यांनी पाहून रडणे खोटे, असा भेद करता येत नाही.

मुळात हा प्रश्न फार जुना आहे. दुःख कोणालाच नको असते. मग दुःखाची कथा ऐकायला माणूस वाट वाकडी करून का जातो? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात करुण रस सांगितला आणि त्याचा स्थायीभाव शोक हा सांगितला. पण शोक वेगळा आणि करुण रस वेगळा. घरात माणूस गेले तर होतो तो शोक. त्यात रस नाही, नुसता चटका आहे. तोच शोक कथेत आला की त्याचा चटका निघून जातो आणि ओलावा उरतो. हे का होते ते काश्मीरच्या अभिनवगुप्ताचार्यांनी हजार वर्षांपूर्वी उलगडून दाखवले. कथेतले दुःख अमक्याचे किंवा तमक्याचे राहत नाही. ते माझे नसते म्हणून मला जाळत नाही, आणि परक्याचेही नसते म्हणून मला कोरडे ठेवत नाही. ते सर्वांचे होते. याला त्यांनी साधारणीकरण म्हटले, आणि ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ आहे अशा ऐकणाऱ्याला सहृदय म्हटले.

पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथांनी आणखी सोपे करून सांगितले. ते म्हणतात, करुण रसात नुसते दुःखच असते तर कोणी त्याच्याकडे फिरकले नसते, आणि मग रामायणसुद्धा दुःखाचे कारण म्हणून टाकून द्यावे लागले असते. मग डोळ्यांत पाणी का येते? तर चित्त वितळते म्हणून. हा शब्द लक्षात ठेवा. चित्त वितळते. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

म्हणून त्या मुलाला पहिली गोष्ट सांगतो, की रडू आले याची लाज धरू नकोस. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानोबारायांनी दोन श्रोते शेजारी शेजारी बसवले आहेत. सांगणारा एक, कथा एक. भगवंताचे बोलणे सांगता सांगता संजयाचे चित्त थक्क होते, वाणी जागच्या जागी थांबते, अंगावर रोमांच उभे राहतात, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांतून आनंदाचे पाणी वाहू लागते. आणि ज्याला तो सांगतो आहे तो धृतराष्ट्र? पुराच्या पाण्यात बसलेला रेडा जसा हलत नाही, तसा तो म्हातारा ढिम्म बसून आहे. पाणी भोवती तेवढेच आहे. एक भिजला, दुसऱ्याच्या कातडीलाही कळले नाही. गीतेच्या पहिल्याच श्लोकात ज्याने 'माझे' आणि 'पांडूचे' अशी वाटणी करून ठेवली, त्याचे चित्त दुसऱ्यासाठी वितळणार कसे? तेव्हा दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरणे हे भाग्याचे लक्षण आहे. निदान आपण त्या रेड्याच्या जातीचे नाही एवढे तरी कळते.

आता दुसरी गोष्ट. माणसे नेमकी कोठे रडतात? कीर्तनाच्या उभ्या जागेवरून श्रोत्यांचे चेहरे दिसतात, म्हणून हे मला अनुभवाने सांगता येते. तरुणपणी मला वाटे, घाव बसतो तेथे माणसे रडत असतील. तसे होत नाही. गोरोबाकाकांच्या पायाखाली मूल येते तेव्हा मांडव गप्प होतो. माणसे श्वास रोखतात. डोळे तेव्हा कोरडेच असतात. पण पंढरपुरात नामदेवरायांच्या कीर्तनात ते मूल रांगत रांगत परत येते, आणि आई त्याला उचलून घेते, तेव्हा सगळा मांडव रडतो. सुदामा फाटक्या वस्त्राने द्वारकेच्या वाटेला लागतो तेव्हा कोणी रडत नाही. द्वारकेचा राजा अनवाणी धावत येऊन त्याला मिठी मारतो तेव्हा बांध फुटतो.

सिनेमाचेही तसेच आहे. 2004 साली 'श्वास' नावाचा मराठी सिनेमा आला होता. कोकणातला एक आजोबा डोळ्यांचा आजार झालेल्या नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतो. आजार कर्करोगाचा निघतो. मुलाचा जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, असे डॉक्टर सांगतात. हे ऐकताना पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते, पण रडू येत नाही. रडू येते ते पुढे. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्या पोराला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातो, त्याने डोळे भरून जग पाहून घ्यावे म्हणून. दैवाने जे हिसकावून घेतले त्याला म्हातारा काही करू शकत नाही. पण हातात उरलेला एक दिवस तो पोराला देऊन टाकतो. ते देणे पाहून आपल्याला रडू येते.

साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी 1953 साली 'श्यामची आई' काढला. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. त्या पुस्तकातली कोणती गोष्ट माणसे वर्षानुवर्षे विसरत नाहीत? न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आणि आई आपला ओला पदर दगडावर पसरते. त्यात कोणी मरत नाही, कोणी कोणाला मारत नाही. एक पदर पसरला जातो, आणि वाचणाऱ्याचे डोळे भरतात.

म्हणजे माणसाला खरे रडू भेटीचे येते. कोणीतरी कोणाला जवळ घेतले, कोणी क्षमा केली, कोणी ओळखले, की आत साचलेले पाणी वाट काढते. आपण सगळेच कोठेतरी हरवलेले, दुरावलेले असतो. सासरी आलेल्या बाईला माहेराचे नाव काढताच भरून येते, तसा हा जीव आहे. संतांनी पंढरीला माहेर म्हटले ते उगीच नाही. वाखरीच्या पुढे कळस दिसल्यावर धडधाकट गडी रस्त्यात मटकन बसून रडताना मी पाहिले आहेत. त्यांना विचारले, का रडता, तर सांगता येत नाही.

आणि आणखी एक कारण आहे. प्रत्येकाच्या पोटात एखादे न रडलेले रडू असते. घरात मयत झाली तेव्हा पाहुण्यांचे पाहायचे होते, सरपण आणायचे होते, लहानांना धीर द्यायचा होता, म्हणून कर्त्या माणसाने दात आवळून धरलेले असतात. ते रडू कोठे जात नाही. अंधारात, कोणी पाहत नसताना, कोणी काही मागत नसताना, पडद्यावरची आई आपल्या लेकाला हाक मारते, आणि वीस वर्षांपूर्वीचे ते रडू आपला नंबर लागल्यासारखे बाहेर येते. यात वाईट काहीच नाही. मन हलके होते.

पण येथेच मला थांबून एक कबुली द्यायची आहे. नाहीतर हा सगळा उपदेश पोकळ ठरेल.

माझे कीर्तन रडवणारे म्हणून नावाजलेले होते. कोणत्या शब्दावर आवाज खाली आणायचा, मृदंग कोठे थांबवायचा, टाळकऱ्यांनी किती वेळ गप्प राहायचे आणि मग कोणत्या क्षणी विठ्ठलनामाचा गजर उचलायचा, हे मला बोटांवर माहीत होते. म्हणून सिनेमावाल्यांना मी नावे ठेवू शकत नाही. ते वाद्यांनी आणि दिव्यांनी करतात ते आम्ही गळ्याने करतो. कीर्तन संपल्यावर बायाबापड्या पाया पडत आणि म्हणत, "महाराज, आज फार रडवलंत." बिदागी मी कधी ठरवून घेतली नाही, पण हे वाक्य मी बिदागीसारखे घेत असे.

संत सखूबाईचे आख्यान हे माझे हुकमी आख्यान. कराडची सखू, तिला छळणारी सासू, बायकोच्या बाजूने चकार शब्द न काढणारा नवरा. तिला पंढरीला जायचे आहे, तर घरच्यांनी खांबाला बांधून घातलेली. आणि मग प्रत्यक्ष पांडुरंग सखूचे रूप घेऊन स्वतःला बांधून घेतो, सखूला वारीला पाठवतो, आणि तिच्या घरी दळतो, कांडतो, पाणी भरतो. हे आख्यान मी किती वेळा लावले असेल याचा हिशेब नाही. माझी आई पुढच्या रांगेत बसे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पदर डोळ्यांना लावून असे.

आमच्या गावच्या यात्रेत तेव्हा तंबूतला सिनेमा येत असे. विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' 1991 साली निघाला. राजस्थानी सिनेमावरून मराठीत आणलेली गोष्ट. जन्मताच आई गेली म्हणून बाप जिला पांढऱ्या पायाची समजतो, अशी मुलगी. अलका कुबल यांनी ती केली आहे. सासरी तिचा छळ होतो. महाराष्ट्रातल्या बायका हा सिनेमा पाहून किती रडल्या हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पुढच्या वर्षीच्या यात्रेत तो आमच्या गावी आला. आई म्हणाली, "बघूया." आई, माझी पत्नी आणि मी, तिघे गेलो.

सगळा तंबू रडत होता. आईला तर हुंदका आवरेना. माझेही डोळे भरले. पत्नी मात्र शेजारी शांत बसून होती.

घरी आलो. आईने पायरीवर बसून डोळे पुसले आणि म्हणाली, "काय गं बाई ते हाल त्या पोरीचे! सासू आहे का वैरीण?" आणि त्याच दमात माझ्या पत्नीकडे वळून म्हणाली, "आणि तू काय उभी राहिलीस खांबासारखी? चूल पेटवायला मुहूर्त काढायचाय का?"

पत्नी आत गेली. मी ओसरीवर बसलो. माझ्या मनात काय चालले होते ते सांगायला आजही लाज वाटते. हा प्रसंग सखूबाईच्या आख्यानात दृष्टांत म्हणून कसा बसवता येईल, याचा मी विचार करत होतो. थोड्या वेळाने आत जाऊन मी तिला विचारले, "सगळ्या बाया रडत होत्या. तुला नाही रडू आलं?"

फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, रोजचंच आहे ते. पैसे देऊन कशाला रडू?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या सखूबाईच्या आख्यानालाही आई अशाच रडतात. तुम्हीही गाताना रडता. आणि घरी आल्यावर दोघंही ताटावर बसता."

माउली, मी पुष्कळ कीर्तने ऐकली आणि केली. एवढे छोटे आणि एवढे पुरे कीर्तन मी दुसरे ऐकलेले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पांडुरंग सखूच्या घरी पाणी भरायला गेला, हे मी शेकडो वेळा गायलो होतो. आणि लग्नाला अकरा वर्षे झाली तरी माझ्या घरात मी एकदाही घागर उचलली नव्हती. गाताना मी स्वतःला कोठे उभे करत असे? कधी सखूच्या जागी, कधी पांडुरंगाच्या. तो मुका नवरा कोण, हे मला त्या रात्रीपर्यंत सुचले नव्हते.

येथे मला या सगळ्या प्रश्नाची गाठ सापडली. कथा पाहताना आपण नेहमी सोसणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो. त्या तंबूत पन्नास तरी सासवा बसल्या असतील. पडद्यावरची सून प्रत्येकीला आपली वाटली, पण पडद्यावरची सासू एकीलाही आपली वाटली नाही. आणि ते खोटेही नव्हते, कारण त्या पन्नासही जणी कधीतरी सुना होत्या. माझी आई रडली ती तिच्या स्वतःच्या सासुरवासासाठी. शेजारी बसलेली सून तिला दिसलीच नाही, कारण डोळ्यांत पाणी होते.

थोरांच्या बाबतीतही कवींनी हे दाखवून ठेवले आहे. भवभूतीचे उत्तररामचरित हे नाटक करुण रसाचे शिखर मानतात. त्याच्या पहिल्याच अंकात लक्ष्मण राम आणि सीतेला भिंतीवरची चित्रे दाखवतो. चित्रे त्यांच्याच वनवासाची आहेत. म्हणजे तो त्या काळचा पडदाच म्हणा ना. सीताहरणानंतरच्या विरहाचे चित्र येते आणि रामरायांच्या डोळ्यांतून मोत्यांचा सर तुटावा तसे अश्रू ओघळतात. आणि त्याच अंकात, चित्रे पाहून थकलेली सीता त्यांच्या बाहूवर डोके ठेवून झोपली असताना, लोकापवादाची वार्ता येते आणि तिच्या त्यागाचा निर्णय होतो. प्रभूंच्या लीलेत दोष काढण्याची आपली पात्रता नाही. राजधर्माचे ते ओझे त्यांनाच ठाऊक, आणि तो निर्णय घेताना त्यांचे काळीज फाटले, हेही कवीने सांगितले आहे. पण सीतेच्या जुन्या विरहाचे चित्र पाहून आलेले अश्रू आणि सीतेचा नवा विरह, हे दोन्ही कवीने एकाच अंकात शेजारी ठेवले, ते मला वाटते तुमच्या माझ्यासारख्यांसाठी. चित्रातल्या दुःखाला रडणे सोपे आहे, कारण ते दुःख आपल्याकडे काही मागत नाही. बाहूवर डोके ठेवून झोपलेले माणूस मागते.

मग अश्रूंचा उपयोग काय? मघाशी म्हटले, चित्त वितळते हा शब्द लक्षात ठेवा. मधुसूदन सरस्वतींनी भक्तिरसायनात चित्ताला लाखेची उपमा दिली आहे. लाख मुळात कठीण. तिला ऊब लागली की ती पातळ होते. पातळ असताना तिच्यावर जो ठसा उमटवावा तो निवल्यावरही कायम राहतो. पण लाख नुसती जराशी मऊ झाली, किंवा वितळली आणि ठसा उमटवलाच नाही, तर निवल्यावर ती होती तशीच कठीण. चित्ताचे तसेच आहे. शोकाने, प्रेमाने, दयेने ते वितळते. त्या वेळी त्यावर कोणता ठसा उमटेल त्यावर सगळे अवलंबून.

शास्त्रातली लाख ज्यांना दूरची वाटते त्यांना शेतातले सांगतो. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो. तो दोन-चार दिवसच टिकतो. तेवढ्यात तिफण घातली तर पीक. "काय मस्त पाऊस झाला" म्हणत ओट्यावर बसून राहिले, तर जमीन पुन्हा वाळते. पाऊस खोटा नव्हता, पण पेरले नाही तर उगवायचे काय? सिनेमा पाहून आलेले रडू, कीर्तनातले रडू, हा पाऊस आहे. त्याला पीक समजू नये.

साने गुरुजींकडे पाहा. रडवे म्हणून त्यांची चेष्टा करणारे पुष्कळ होते. अश्रूंनी भिजलेले पुस्तक त्यांनी लिहिले हे खरे. पण ते अश्रूंपाशी थांबले नाहीत. आपल्याच विठुरायाच्या दारात आपल्याच बांधवांना उभे करत नाहीत, हे त्यांना सोसवेना. 1947 च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले, आणि त्यानंतर मंदिर सर्वांना खुले झाले. त्या वेळी आपल्यातले सगळेच त्यांच्या बाजूने नव्हते, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे. चोखोबांच्या आख्यानाला तेव्हाही मांडवात माणसे रडत असतीलच. रडून घरी जाणारे अनेक होते, आणि त्या रडण्याचा हिशेब चुकता करायला एकटा माणूस उपाशी बसला.

माझे म्हणाल तर माझ्या हातून फार मोठे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर घेऊन आडावर गेलो. गल्लीतले लोक हसले. आई संतापली, म्हणाली, "कीर्तनकारानं घागरी वाहायच्या का?" मी म्हणालो, "आई, देवानं वाहिल्या." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा स्वभाव एका रात्रीत बदलला नाही, आणि माझाही नाही. पण घरातल्या बोलण्याची धार हळूहळू कमी झाली. मी आईसमोर पत्नीच्या बाजूने बोलायला शिकलो, आणि आईशी चढ्या आवाजात न बोलता ते कसे करावे हे त्याहून सावकाश शिकलो. शेवटच्या आजारपणात आईचे सगळे पत्नीनेच केले. तेव्हा एका दुपारी आई मला म्हणाली, "माझ्या सासूनं मला जे दिलं तेच मी हिला दिलं रे. दुसरं माझ्यापाशी होतंच काय?" त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. पण सबंध आयुष्यात ती इतकी वितळलेली मी पाहिली नव्हती.

हे सगळे लिहावे की नाही, म्हणून मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "लिहा. पण आईंना वाईट ठरवू नका." म्हणून सांगतो, वाईट कोणी नव्हते. प्रत्येकजण आपापल्या जुन्या दुःखाकडे तोंड करून बसला होता, आणि शेजारच्याकडे पाठ झाली होती, एवढेच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर.

बाळा, सिनेमागृहात तू तीन तास अंधारात एका जागी बसतोस. फोन खिशात, बोलणे बंद, नजर एकीकडे. एवढे अवधान तू हरिपाठाला देतोस का, ते आधी पाहा. ओठांवर नाम आणि मनात बाजार, अशा वेळी चित्ताला ऊब लागणार कोठून? तेव्हा सिनेमाला दोष देण्याऐवजी त्याच्याकडून एवढे शिक, की मन एका जागी बसले तर वितळते.

पण हरिपाठात रडू आलेच पाहिजे, असा हट्ट धरू नकोस. अश्रू हे काही भक्तीचे माप नाही. ते आले तर देवाची कृपा, नाही आले तर नाम तर आहेच. आणून आणलेले रडू कसे असते ते मला ठाऊक आहे. मी ते आयुष्यभर इतरांना काढून दाखवले.

आणि सिनेमात रडू आले तर येऊ दे. पुसून टाकण्याची घाई करू नकोस. फक्त दोन प्रश्न स्वतःला विचार. पहिला, हे पाहताना मला कोणाचा चेहरा आठवला? आईचा, वडिलांचा, बोलणे टाकलेल्या भावाचा, कोणाचा तरी आठवतोच. दुसरा प्रश्न अवघड आहे. या गोष्टीत ज्याच्यामुळे दुसऱ्याला सोसावे लागले, त्याच्या जागेवर मी कोणाच्या आयुष्यात बसलो आहे? पहिल्या प्रश्नाने डोळे आणखी भरतील. दुसऱ्याने ते एकदम कोरडे होतील आणि छातीत कळ येईल. ती कळ मोलाची आहे. लाख पातळ झाली आहे, ठसा उमटवायची वेळ तीच.

मग त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत, त्या माणसासाठी एक लहानसे काम कर. फोन कर, घागर उचल, ताट वाढ, चूक कबूल कर. मोठे काही नको. दोन-चार दिवस थांबलास तर वाफसा जाईल आणि जमीन पुन्हा कडक होईल.

आमच्या घरी आता नळ आला आहे. घागर भरावी लागत नाही. पण ती माजघरात अजून ठेवलेली आहे, आणि पत्नी ती दर दिवाळीला घासून लख्ख करते. मी तिच्याकडे पाहतो तेव्हा मला पडद्यावरची सून आठवत नाही आणि माझी गाजलेली आख्यानेही आठवत नाहीत. फुंकणी खाली ठेवून बोललेली ती दोन वाक्ये आठवतात.

रामकृष्णहरी.